दोन आठवड्यांचें अंतर

सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर, गगनबावडा हें लहानसें तालुक्याचें गांव आहे. येथें वर्षाकाठीं पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जिल्ह्यांतील दुसऱ्या कोणत्याही तालुक्याच्या वांट्यास एवढा पाऊस येत नाहीं. गांवाच्या पश्चिमेस पडलेला थेंब करूळ आणि भुईबावडा ह्या घाटांच्या कुशींतून कोंकणांत उतरतो. पूर्वेस पडलेला थेंब कुंभी नदीला मिळतो. कुंभी पुढें पंचगंगेला, आणि पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला. ही बावड्याची जहागीर पंत अमात्यांच्या घराण्याकडे होती, आणि त्याच घराण्यांतले रामचंद्रपंत अमात्य हे ‘आज्ञापत्रा’चे कर्ते. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथांत दुर्गांविषयीं जें विवेचन आहे, त्यांत पाण्याला पहिला मान आहे. पाणी पाहिल्यावांचून गड बांधूं नये, आणि एखादा झरा पुरेसा वाहतो एवढ्यावर विसंबून स्वस्थ राहूं नये, असा त्यांचा अभिप्राय.

अमात्यांच्या मनांत अर्थातच वेढा होता. बाहेरचा शत्रु बाहेर असतांना आंतली शिबंदी तहानेनें व्याकुळ होऊं नये, हा त्यांचा हेतु. परंतु शत्रु पाण्यांतूनच आंत येऊं शकतो, ही गोष्ट ध्यानांत यावयास आणखी सुमारें एकशें चाळीस वर्षें जावीं लागलीं. १८५४ सालीं लंडन शहरांत जॉन स्नो ह्या डॉक्टरांनीं पटकीचा माग काढीत काढीत एका सार्वजनिक हातपंपापर्यंत नेला. तें काम मोठेंच होतें. पण एका दृष्टीनें तें सोपेंही होतें. पाणी पोटांत गेलें, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पोट बिघडलें, आणि ज्या घरांत तें पाणी गेलें त्या घरांत पुष्कळांचें बिघडलें. कारण आणि कार्य हीं एकमेकांच्या शेजारींच बसलेलीं होतीं.

आतां, श्रोतेहो, अशी कल्पना करा कीं, पाणी पोटांत जातें, पोट दोन-चार दिवस बिघडतें आणि बरें होतें. माणूस कामावर जाऊं लागतो. मग आठ-पंधरा दिवसांनीं त्याच्या पायांतील शक्ति जाते. शिवाय हें हजारांत एखाद्यालाच होतें; बाकीच्या नऊशें नव्याण्णवांना कांहींही होत नाहीं. असें झाल्यास पायांचा संबंध पोटाशीं आहे हें कोणी, कसें आणि किती वर्षांनीं ओळखावें? आज ज्या विकाराचा इतिहास सांगावयाचा आहे, त्याच्या बाबतींत हें ओळखण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

ह्या विकाराचें नांव गियाँ-बारे. वृत्तपत्रांनीं त्याचें ‘जीबीएस’ हें आद्याक्षरी लघुरूप आपल्याकडे रूढ केलें आहे. त्याची सुरुवात बहुधा पायांपासून होते. तळपायांना मुंग्या येतात. जिना चढतांना गुडघे दगा देतात. उकिडवें बसलेल्या माणसाला हात टेकल्यावांचून उठवत नाहीं. मग हा अशक्तपणा दोन्ही बाजूंनीं सारखाच वर चढूं लागतो. मांड्या, हात, कित्येकदां चेहरा आणि गळा. घास गिळवत नाहीं, डोळे पुरते मिटत नाहींत. गुडघ्यावर हातोडीचा हलका ठोका दिला असतां निरोगी माणसाचा पाय जसा उडतो, तसा ह्याचा उडत नाहीं. चौघांपैकीं सुमारें एकाला श्वासोच्छ्वासाचे स्नायू दुबळे झाल्यामुळें कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावें लागतें. आणि ह्या सर्व काळांत रुग्णाची बुद्धि लख्ख जागी असते; आपलें शरीर आपल्यापासून हिरावलें जात आहे हें तो पाहत असतो. हा उतार दोन ते चार आठवड्यांत थांबतो, आणि मग महिनोन्महिने चालणारी सुधारणा सुरू होते. बहुतेक रुग्ण पुन्हा चालूं लागतात. तथापि सहा महिन्यांनंतरही पांचांपैकीं सुमारें एकाला आधारावांचून चालतां येत नाहीं, आणि चांगले उपचार मिळूनही शंभरांतील सुमारें पांच दगावतात. विकार दुर्मिळ आहे: एका लाख वस्तींत वर्षाला एक किंवा दोन रुग्ण.

अशा वर चढत जाणाऱ्या अर्धांगाचें वर्णन १८५९ सालीं झाँ लांद्री ह्या फ्रेंच डॉक्टरांनीं केलें होतें. परंतु त्या काळीं मज्जारज्जूभोंवतींचें पाणी तपासण्याची सोय नव्हती. कमरेच्या मणक्यांत सुई घालून तें पाणी काढण्याची रीत जर्मनींतील क्विंके ह्यांनीं १८९१ सालीं घालून दिली, आणि तिचा खरा उपयोग ह्या विकाराला झाला तो पहिल्या महायुद्धांत. फ्रान्सच्या सहाव्या सेनेच्या मज्जारोग केंद्रांत जॉर्ज गियाँ आणि झाँ-अलेक्सांद्र बारे ह्यांच्याकडे दोन सैनिक आले. दोघांचेही हातपाय दुबळे, प्रतिक्षिप्त क्रिया नाहींशा झालेल्या. त्यांच्या पाठींतल्या पाण्यांत प्रथिन फार वाढलेलें होतें, पण पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. ही विसंगति महत्त्वाची होती. पोलिओ असो, मस्तिष्कावरणाचा दाह असो किंवा उपदंश असो, जंतूंची स्वारी मज्जासंस्थेवर झाली म्हणजे त्या पाण्यांत पेशींची गर्दी होते. येथें ती नव्हती. म्हणजे जें कांहीं घडत होतें तें जंतूंच्या थेट हल्ल्यानें घडत नव्हतें. आणखी एक गोष्ट: दोन्ही सैनिक सुधारले. ऑक्टोबर १९१६ मध्यें हें निरीक्षण पॅरिसच्या वैद्यांसमोर मांडलें गेलें. त्या निबंधावर तिसरें नांव आंद्रे स्ट्रोल ह्यांचें होतें. प्रतिक्षिप्त क्रियांचें यंत्रानें आलेखन त्यांनींच केलें होतें. पुढें विकाराला नांव देतांना त्यांचें नांव गळालें. वैद्यकाच्या इतिहासांत असे पुष्कळ स्ट्रोल आहेत.

आतां कळतें कीं, उत्तराची निम्मी वाट त्या पेशींच्या अभावांतच दाखविलेली होती. पण त्या वेळीं ती कोणाला दिसणें शक्य नव्हतें. आधीं ताप, घसा किंवा जुलाब येऊन गेला होता अशी नोंद अनेक डॉक्टर करीत. विल्यम ऑस्लर ह्यांनीं तर १८९२ च्या आपल्या ग्रंथांत ह्या जातीच्या विकाराचें नांवच तापाशीं जोडलें होतें. मात्र सर्दी-खोकला आणि हगवण कोणाला होत नाहीं? जी गोष्ट सर्वांच्याच पूर्वेतिहासांत असते, ती कारण म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. दुर्मिळ कार्याला आपण सहसा दुर्मिळ कारण शोधतों. मला वाटतें, ह्या विकारानें तीन पिढ्यांना जो चकवा दिला तो येथें.

पहिला खरा धागा प्रयोगशाळेंतून आला. १९५५ सालीं अमेरिकेंत वॅक्समन आणि अॅडम्स ह्यांनीं सशांना मज्जातंतूंच्या ऊतींचा अर्क टोंचला. कांहीं दिवस कांहींच झालें नाहीं. आणि सुमारें दोन आठवड्यांनीं ससे मागच्या पायांनीं लुळे पडूं लागले. ह्यांत जंतु कोठेंच नव्हता. सशाच्या शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूला परका समजून त्याच्यावर उठली होती. रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मज्जातंतूंची जी तपासणी झाली तिच्यांतही पांढऱ्या पेशींनीं मज्जातंतूंचें आवरण खाल्लेलें दिसलें, असें १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. ‘आत्मघातकी प्रतिकार’ ही कल्पना आतां स्थिर झाली. परंतु खरा प्रश्न तसाच राहिला. प्रयोगांतल्या सशाला सुई टोंचली होती. गांवांतल्या माणसाला कोण टोंचतें?

१९७६ सालीं अमेरिकेनें ह्या प्रश्नाला अकल्पितपणें तोंड दिलें. न्यू जर्सींतील फोर्ट डिक्स येथील लष्करी तळावर डुकरांच्या जातीच्या इन्फ्लुएंझानें एक सैनिक दगावला, आणि १९१८ ची महासाथ पुन्हा येणार ह्या भयानें सरकारनें सर्व देशाला लस टोंचण्याचा संकल्प सोडला. अडीच महिन्यांत चार कोटींहून अधिक लोकांना लस दिली गेली. महासाथ आलीच नाहीं. पण लस घेतलेल्यांत गियाँ-बारेचे रुग्ण वाढलेले दिसले, आणि डिसेंबरांत मोहीम थांबवावी लागली. जादा रुग्णांचें प्रमाण लाखांत सुमारें एक. ह्या प्रसंगाचा हवाला देऊन आजही लशींविषयीं भय पसरविलें जातें, म्हणून त्याचा उत्तरार्ध सांगणें अवश्य आहे. पुढील वर्षांतील इन्फ्लुएंझाच्या लशींत हा धोका एक तर आढळला नाहीं, किंवा दहा लाखांत एखाद-दुसऱ्या रुग्णाएवढाच आढळला. उलट प्रत्यक्ष इन्फ्लुएंझा झाल्यावर हा विकार होण्याचा संभव त्याहून कितीतरी अधिक असतो. १९७६ च्या प्रकरणाचा खरा लाभ असा कीं, ह्या दुर्मिळ विकाराचे रुग्ण मोजण्याची आणि त्यांच्या आधींच्या आठवड्यांची विचारपूस करण्याची शिस्त त्यानें लावली.

ह्याच दशकांत एक जंतु उजेडांत येत होता. त्याचें नांव कॅम्पिलोबॅक्टर. आकार स्क्रूसारखा वळलेला. वस्ती कोंबड्या आणि इतर पशुपक्ष्यांच्या आंतड्यांत. बालकांच्या मळांत असे वळसेदार जंतु दिसतात हें जर्मनींतील एश्चेरिश ह्यांनीं १८८६ सालींच चित्र काढून दाखविलें होतें. परंतु तो प्रयोगशाळेंत वाढेना. त्याला भरपूर प्राणवायु सोसत नाहीं, साध्या तापमानाहून अधिक ऊब लागते, आणि तो वाढेपर्यंत दुसरे जंतु सर्व जागा व्यापून टाकतात. बेल्जियमच्या बुट्झलर ह्यांनीं आणि पुढें १९७७ सालीं इंग्लंडच्या स्किरो ह्यांनीं त्याला वेगळें काढण्याच्या युक्त्या शोधल्या. स्किरो ह्यांनीं जुलाब झालेल्या सुमारें आठशें रुग्णांचे मळ तपासले. शेंकडा सात जणांत हा जंतु निघाला, आणि जुलाब नसलेल्यांत एकांतही नाहीं. ज्याचें अस्तित्व दहा वर्षांपूर्वीं फारसें कोणाला ठाऊक नव्हतें, तो जुलाबाच्या अतिपरिचित कारणांपैकीं एक ठरला. कच्चें राहिलेलें कोंबडीचें मांस, न तापविलेलें दूध आणि दूषित पाणी हे त्याचे नेहमींचे मार्ग.

मग १९८२ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें एका रुग्णाची हकीकत आली. त्याला आधीं कॅम्पिलोबॅक्टरची हगवण झाली, आणि तिच्यामागून गियाँ-बारे. एका रुग्णावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. पण आतां कोठें पाहावयाचें हें समजलें.

उत्तर चीनमधील खेड्यांत दर उन्हाळ्यांत मुलें लुळीं पडत. हेबेई प्रांतांतील इस्पितळें त्या दिवसांत भरून जात; श्वास थांबलेल्या मुलांच्या छातींत आळीपाळीनें हातानें हवा भरली जाई. बाहेरच्या तज्ज्ञांना प्रथम हा पोलिओच वाटला. १९९० च्या सुमारास चिनी डॉक्टर आणि अमेरिकेंतील मज्जारोगतज्ज्ञ ह्यांनीं एकत्र बसून हीं मुलें तपासलीं, आणि १९९१ सालीं जाहीर केलें कीं, हा पोलिओ नव्हे. हें गियाँ-बारेचेंच एक भावंड आहे. फरक एवढाच कीं, येथें मज्जातंतूच्या आवरणावर नव्हे तर आंतल्या गाभ्यावरच हल्ला होतो. त्या रुग्णांच्या रक्तांत शोध केला तेव्हां सुमारें दोन-तृतीयांश जणांत नुकत्याच येऊन गेलेल्या कॅम्पिलोबॅक्टरच्या खुणा मिळाल्या. मुलें खेड्यांतलीं, ऋतु उन्हाळ्याचा, घरोघरीं कोंबड्या, पाणी उघड्यावरचें. आपल्या वाचकांना हें चित्र परकें वाटण्याचें कारण नाहीं.

राहिला प्रश्न ‘कसें’ ह्याचा. तो जपानच्या नोबुहिरो युकी ह्यांनीं सोडविला. मज्जातंतूच्या पृष्ठभागावर गँग्लिओसाइड नांवाचे, साखरेचे शेंडे असलेले मेदपदार्थ असतात. हगवणीमागून लुळ्या पडलेल्या रुग्णांच्या रक्तांत ह्यांपैकीं ‘जीएम-१’ नांवाच्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडें आढळतात हें त्यांनीं १९९० सालीं दाखविलें. १९९३ सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें सिद्ध केलें कीं, अशा रुग्णांतून काढलेल्या कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरील साखरेची मांडणी हुबेहूब त्या जीएम-१ सारखीच असते. पुढें २००४ सालीं जंतूच्या अंगावरचा तेवढाच पदार्थ सशांना टोंचला असतां ससे लुळे पडले, आणि साखळीचा शेवटचा दुवा जुळला.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा एक तोतया उठला होता हें आपण इतिहासांत वाचतों. १७७६ सालीं पुण्यांत त्याचा शेवट झाला. अशी कल्पना करा कीं, त्या तोतयाला धरण्यासाठीं त्याच्या चेहऱ्याचें वर्णन सर्व चौक्यांवर पाठविलें आहे. तोतया पकडला गेला, मारला गेला. पण वर्णन चौक्यांवर तसेंच राहिलें. आणि त्याच वर्णनावरून पहारेकऱ्यांनीं खऱ्या भाऊसाहेबांनाच धरलें. ह्या विकारांत घडतें तें हेंच. जंतु मेलेला असतो, पोट बरें झालेलें असतें. पण त्याच्याविरुद्ध तयार केलेलीं प्रतिपिंडें त्याच चेहऱ्याच्या मज्जातंतूवर तुटून पडतात. मधले ते आठ-पंधरा दिवस म्हणजे प्रतिपिंडें तयार होण्यास लागणारा काळ होय. दोन आठवड्यांच्या ज्या अंतरानें एवढीं वर्षें कारण झांकून ठेवलें, त्याचा अर्थ हा. आणि म्हणूनच हा विकार स्पर्शानें वा सहवासानें एकाचा दुसऱ्याला होत नाहीं.

मग हजारांत एकालाच कां? कॅम्पिलोबॅक्टरचे सर्वच वंश हें सोंग घेत नाहींत, कांहींच घेतात. आणि ज्यांच्या पोटांत तो सोंगाड्या वंश जातो, त्यांच्यांतही बहुतेकांची संरक्षक यंत्रणा आपलें आणि परकें ओळखते. ती कोणाची चुकते हें आधीं सांगतां येत नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं, हजारांतला तो एक टाळावयाचा असेल तर हजारांच्याच पाण्याकडे पाहावें लागतें.

कॅम्पिलोबॅक्टर हा ह्या विकाराचा सर्वांत परिचित अग्रदूत असला तरी एकटा नव्हे. दर तीन रुग्णांपैकीं सुमारें दोघांना आधीं कसला तरी संसर्ग होऊन गेलेला असतो: कांहींना सायटोमेगॅलो विषाणूचा, कांहींना एप्स्टाइन-बारचा, कांहींना मायकोप्लाझ्माचा. फ्रेंच पॉलिनेशियांत २०१३-१४ सालीं झिकाच्या साथीमागून गियाँ-बारेचे ४२ रुग्ण निघाले आणि डांसानें पसरणारा तो विषाणूही ह्या यादींत बसला. ह्या यादींतील एक नांव कोल्हापूरकरांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. २०१२ च्या उन्हाळ्यांत पंचगंगेच्या कांठच्या इचलकरंजींत काविळीची मोठी साथ आली होती. ती हेपेटायटिस-ई ह्या विषाणूची, म्हणजे मैलामिश्रित पाण्यानें पसरणारी कावीळ. ह्या विषाणूमागून गियाँ-बारे झाल्याची नोंद २००० सालीं भारतांतल्याच डॉक्टरांनीं केली, आणि २०१४ मध्यें नेदरलँड्समधील रुग्णांच्या तपासणींत शंभरांपैकीं सुमारें पांच जणांत त्याच्या ताज्या संसर्गाचा पुरावा मिळाला. गगनबावड्यास ढगांतून उतरलेलें पाणी तेथें तरी निर्मळच असतें. तें कुंभींतून पंचगंगेंत आणि पंचगंगेंतून शहरांच्या नळांत शिरेपर्यंत त्याच्यांत काय काय मिसळतें, ह्याचा हिशेब मज्जारोगतज्ज्ञाला विचारावा लागेल अशी कल्पना कोणी केली नसेल.

आपल्या देशानें ह्या विकाराकडे पाहावयास शिकलें तें पोलिओच्या निमित्तानें. पोलिओ हटविण्यासाठीं पंधरा वर्षांखालील प्रत्येक लुळ्या पडलेल्या मुलाची नोंद करावयाची आणि त्याचा मळ तपासावयाचा, अशी व्यवस्था देशभर उभी राहिली. भारतांतील मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत सांपडला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. तरी लुळेपणाच्या नोंदी थांबल्या नाहींत. पोलिओची लाट ओसरल्यावर तळाशीं जे खडक दिसूं लागले, त्यांतला मोठा खडक गियाँ-बारेचा होता.

असें असूनही हें नांव महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचलें तें जानेवारी २०२५ मध्येंच. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत पुण्यांतील सिंहगड रस्त्याच्या परिसरांतून एकामागून एक रुग्ण इस्पितळांत येऊं लागले. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी, नांदोशी हीं त्या भागांतील गांवें. त्यांपैकीं बरींचशीं २०२१ सालीं महापालिकेच्या हद्दींत आलेलीं. पन्नास-साठ लाखांच्या वस्तींत वर्षभरांत जेवढे रुग्ण अपेक्षावेत, त्याहून अधिक दोन महिन्यांत मोजले गेले. मार्चपर्यंत संशयित रुग्णांची संख्या सव्वादोनशेंच्या घरांत गेली आणि दहाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. पुण्यांतच १९५२ सालीं स्थापन झालेली विषाणु-संशोधन संस्था ह्या वेळीं हाताशीं होती. तिनें मळाचे नमुने तपासले. कित्येकांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय निघाला, कांहींत नोरोव्हायरस.

स्वाभाविकच पाण्याकडे बोट गेलें. ह्या गांवांना नांदेड येथील एका मोठ्या विहिरींतून पाणी मिळे. तिच्यांत खडकवासल्याच्या धरणाचें पाणी येई. शहराच्या जुन्या भागांस जलशुद्धीकरण केंद्रांतून गाळलेलें पाणी मिळतें. ह्या गांवांना मात्र केवळ क्लोरीन मिसळलेलें पाणी मिळत होतें. हद्द वाढली, घरपट्टी आली, इमारती उठल्या. गाळणी तेवढी मागें राहिली. कोंबड्यांचीं खुराडीं तपासलीं गेलीं, पाण्याचे खासगी जार भरणारे धंदे बंद झाले, टँकर तपासले गेले. दोष कोणाचा ह्यावर पुष्कळ वाद झाला. मला त्या वादापेक्षां एक साधी गोष्ट अधिक बोलकी वाटते. लोक भयभीत झाले ते जीबीएसला. पण त्याच नळाच्या पाण्यानें त्याच्या शेंकडों पट लोकांना आधीं जुलाब झाले असले पाहिजेत, आणि त्या जुलाबांनीं कोणीही भ्यालें नव्हतें. आपल्याकडे हगवणीला दुखणें मानण्याचीच पद्धत नाहीं. लिंबू-साखरेचें पाणी प्यावें आणि कामाला लागावें. पेरूच्या देशांत २०१९ सालीं अशीच शेंकडों रुग्णांची साथ येऊन गेली होती, आणि तेथेंही कॅम्पिलोबॅक्टरचा एक विशिष्ट वंश सांपडला होता.

आतां उपचारांचें थोडें सांगतों. १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची साथ आली असतां ब्योर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञांनीं रुग्णांच्या श्वासनलिकेंत नळी घालून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून पाळीपाळीनें रबरी पिशवीनें हवा भरविली. श्वासयंत्राचे आणि अतिदक्षता विभागाचे दिवस तेथून सुरू झाले, आणि गियाँ-बारेच्या रुग्णांना जीवदान मिळालें तें मुख्यतः त्यामुळेंच. विकार आपोआप थांबणारा असतो. तो थांबेपर्यंत माणूस जगला पाहिजे, एवढेंच. १९७८ सालीं असें दिसलें कीं, ज्या स्टेरॉइड औषधांवर सर्वांचा भरवसा होता त्यांचा येथें उपयोग नाहीं. १९८५ मध्यें रक्तद्रव बदलण्याचा उपचार गुणकारी ठरला. १९९२ मध्यें निरोगी रक्तदात्यांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिपिंडें पांच दिवस शिरेंतून दिल्यास तेवढाच गुण येतो हें सिद्ध झालें. हा दुसरा उपचार सोपा, पण फार महाग. मध्यमवर्गीय कुटुंबालाही तो पेलवत नाहीं. पुण्याच्या साथींत शासनाला मोफत उपचारांची घोषणा करावी लागली ती ह्यासाठींच. दोन्ही उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा गुण सर्वांत अधिक.

येथें गगनबावड्याचा प्रश्न पुन्हा येतो. गियाँ-बारेचा रुग्ण पहिल्या दिवशीं चालत येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं त्याला श्वासयंत्र लागूं शकतें. तें यंत्र आणि तें चालविणारे हात कोल्हापुरास आहेत. ऐन आषाढ-श्रावणांत कुंभीचें पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर चढतें आणि कोल्हापुराचा मार्ग कधीं कांहीं तास, कधीं त्याहून अधिक बंद पडतो. घाट उतरून कोंकणांत जावें तर तेथेंही दरडी. विहिरी गढूळ होण्याचे आणि घरोघर जुलाब लागण्याचे दिवसही हेच असतात. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरींत टीसीएल पावडर टाकून जातो. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनला दाद देतो, आणि पाणी उकळलें तर तो उरतच नाहीं. पण गढूळ पाण्यांत क्लोरीन गाळाशींच खर्ची पडतें, म्हणून आधीं पाणी निवळूं देऊन गाळलें पाहिजे. आणि ज्या घरांत आठ-पंधरा दिवसांपूर्वीं जुलाब होऊन गेले आहेत, तेथें कोणाच्या तळपायांना मुंग्या येऊं लागल्या, चुलीपुढून उठतांना कोणाला भिंत धरावी लागूं लागली, तर ‘पावसांतली कळ आहे, तेल चोळूं’ म्हणत उद्यांची वाट न पाहतां, मांडुकलीचा रस्ता उघडा असतांनाच निघावें.